शेंदराखालचं बेट

माझ्या नातजावयाला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद आहे. चांगला हुद्द्यावरचा माणूस, पण रविवार आला की चिमट्यानं तिकिटं उचलून वहीत बसवत राहतो. गेल्या दिवाळीत त्यानं ती जाडजूड वही माझ्यापुढं ठेवली आणि पानं उलटायला लागला. मी आपली बघत होते. एका पानावर मी हात ठेवला तो काढला नाही.

बारकंसं तिकीट. जांभळी चौकट, आत काळं चित्र. राजाचं डोकं. उजाड डोंगर, आणि त्यावर उभे दोन दगडी सुळके.

"आजी, हे काही फार दुर्मीळ नाही," तो म्हणाला. "सेंट हेलेनाचं आहे. आफ्रिकेच्या पलीकडे भर समुद्रात एक बेट आहे. कंपनी सरकार जाऊन तिथे इंग्रजांच्या राजाचं राज्य येऊन शंभर वर्षं झाली, तेव्हा मुद्दाम काढलेलं. हे खडक नवरा-बायकोच्या नावाचे आहेत. ख्रिस्ती लोकांत गोष्ट आहे, बायकोनं मागे वळून पाहिलं म्हणून ती तिथल्या तिथे गोठून उभी राहिली."

"आणि नवरा कशानं गोठला?" मी विचारलं.

तो हसून पान उलटायला लागला, पण माझा हात तिथंच होता.

बेटाचं नाव मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. ते नाव मला हवं होतं तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. आता मिळालं. त्याला वाटलं म्हातारीला तिकीट आवडलं, म्हणून तो ते काढून द्यायला निघाला. मी नको म्हटलं. का नको, ते त्याला तोंडानं सांगणं माझ्यानं झालं नाही, म्हणून लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. जसं झालं तसं लिहीन.

माझं माहेर दुधनीचं. लग्न होऊन मी सोलापूरला आले ती गिरणीच्या चाळीत. एक खोली, पुढं पत्र्याचा आडोसा. सासरा आधीच वारला होता. सासू गिरणीत कांड्या भरायच्या खात्यात, नवरा मागावर. नवरा बोलायला कमी. जेवताना भाकरी कडक असली की ताटाच्या काठावर टकटक वाजवायचा, एवढीच त्याची थट्टा. मला तो आवडायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, आमच्यात तसं सांगत नसत.

मग गिरणीत माणसं कमी केली, त्यात तो निघाला. काही दिवस मार्केटात शेंगांची पोती उचलली, मग मुंबईला गेला. तिथं खोलीतल्या एकानं त्याला बोटीवर नेलं. सोलापूरचा माणूस, समुद्र कधी बघितलेला नाही, तो बोटीच्या पोटात कोळसा ओढायला लागला. निघण्याआधी दोन दिवस घरी आला होता. मला तेव्हा चौथा महिना. मी म्हटलं, "पोहता येतं का?" तो म्हणाला, "बोट बुडाली तर पोहून जायचं कुठं?" मग भाकरीवर टकटक केली आणि जेवला. तेच शेवटचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मला दुधनीला नेलं. मुलगी झाली. मी तिकडं असतानाच सोलापूरला त्याचं पाकीट आलं. त्या दिवशी काय झालं ते मला चाळीतल्या बायकांनी पुढं इतक्यांदा सांगितलं, की मी तिथं होते असंच वाटतं.

आमच्याकडं मयताची खबर असलेल्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. लांबूनच कळावं, वाचायच्या आधी माणूस खाली बसावा, म्हणून. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचलं की फाडायचं. आता ते पाकीट कुठून कुठून आलेलं, किती बोटी आणि किती पोती बदलून. वाटेत त्याचा एक कोपरा फाटला होता. पोस्टमननं ते सासूच्या हातात दिलं, तिनं कोपरा बघितला आणि उंबऱ्यातच बसून हंबरडा फोडला.

चाळ गोळा झाली. रडायला कुणाला सांगावं लागत नाही. शेजारणीनं आत जाऊन पेटती चूल पाण्यानं विझवली, कारण मयताच्या घरात चूल ठेवत नाहीत. कुणी पाकीट उघडायला तयार नव्हतं. शेवटी पलीकडच्या खोलीतले शाळामास्तर आले. त्यांनी उभ्याउभ्या पत्र वाचलं आणि म्हणाले, "अहो, रडता काय? जिवंत आहे तो."

बायकांनी डोळे पुसले. एकजण म्हणाली, "मग कोपरा कशाला फाडला मेल्यानं?"

पत्र पुढं मी स्वतः वाचलं, पुष्कळ वेळा वाचलं. ते बोटीवरच्या सोबत्यानं लिहून दिलं होतं, कारण नवऱ्याला सहीपुरतंच येत होतं. छातीचं दुखणं झालं म्हणून मला एका बेटावर उतरवलं आहे. इस्पितळात आहे. खायला देतात. आपली बोली बोलणारा हा एकच सोबती आहे. घरी काय झालं, मुलगा की मुलगी, ते लौकर कळवावं. दोघं सुखरूप आहेत एवढं जरी कळलं तरी पुरे. पत्ता पाकिटाच्या पाठीवर सायबाच्या हातानं इंग्रजीत लिहून घेतला आहे, तो जसाच्या तसा उतरवून पत्र टाकावं.

बेटाचं नाव पत्रात नव्हतं. पाकिटावर आहे म्हटल्यावर पुन्हा कोण लिहितो?

मास्तर म्हणाले, "पत्ता पाठीवर आहे. सूनबाई आल्या की मी उत्तर लिहून देतो," आणि शाळेत गेले. घंटा झाली होती. सासूनं चूल पुन्हा पेटवायला घेतली. ओली चूल, पेटेना. तिच्या मनात एकच भरलं होतं, की मुलगा जिवंत आहे आणि त्याच्या नावाचा कोपरा फाटलेला कागद घरात आहे. तो अपशकून होता. तिनं पाकीट चुलीत घातलं. पत्राला कोपरा होता, ते तिनं ठेवलं.

घालायच्या आधी तिला तिकिटावरचे दोन दगड दिसले. आता आमच्याकडं शेताच्या बांधावर, वेशीवर, विहिरीवर जो देव असतो तो दगडच असतो. त्याला हातपाय नसतात. शेंदूर लावला की तो म्हसोबा. सासूला वाटलं, मुलगा ज्या गावात आहे तिथला हा देव. राखण करतो आहे, म्हणून तर त्याचं चित्र कागदावर लावून पाठवलं. देव चुलीत कसा घालायचा? तिनं तिकीट तेवढं फाडून घेतलं, बाकीचं जाळलं. देव्हाऱ्यातल्या पाटाला खळीनं तिकीट चिकटवलं, तेलात शेंदूर कालवला आणि दोन्ही दगडांवर बोट फिरवलं. बोट केवढं, तिकीट केवढं. पुढं दर अमावास्येला ती त्यावर नवा हात देत गेली.

मी तीन महिन्यांची मुलगी घेऊन परत आले तेव्हा सासूनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पोरीचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "बापाचं नाक घिऊन आली की गं." मुलगी झाली म्हणून तिनं तोंड वाकडं केलं नाही. हे तिच्या बाजूचं आहे, म्हणून लिहिते.

मग तिनं पत्र दिलं. मी वाचलं आणि पाकीट मागितलं.

"कशाला पाकीट?"

"पत्ता त्याच्यावर आहे, आत्याबाई."

"त्ये जाळलं की. कोपरा फाटला हुता त्याचा."

"जाळलं?"

"मग काय घरात ठिवू? रांडं, तुजं कुंकू राखलं म्या."

मी चुलीकडं बघितलं. ती म्हणाली, "देव ठिवलाय," आणि देव्हाऱ्याकडं हात केला. तिथं टाकांच्या शेजारी पाटावर एक केशरी गोळा होता. त्यावर झेंडूची पाकळी. काडेपेटीच्या अर्ध्याएवढी जागा असेल. मी विचारलं हे काय, तेव्हा कळलं तिकीट.

मास्तरांना बोलावलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो आजी, मी नव्हतं का म्हटलं, पत्ता पाठीवर आहे?"

"तुमी म्हनलासा. मला कुटं वाचता येतंय? मला वाटलं पत्ता मंजी तिकडं त्येचा पत्ता लागला."

मग मास्तरच म्हणाले की तिकिटावर त्या मुलखाचं नाव असतं. मुलूख कळला तर इस्पितळ शोधता येईल. खरवडून बघू. सासूनं हे ऐकलं आणि देव्हाऱ्यापुढं आडवी बसली. मी तिला म्हटलं, "तुमच्या मुलाला कळवायचं आहे का नाही?" एवढंच म्हटलं. ती उठली आणि पाट तिनं स्वतःच्या हातानं उचलला.

पोस्टात आम्ही चौघं गेलो. मास्तर पुढं, मग पाट पदराखाली झाकून सासू, मागं मी आणि कडेवर पोरगी. आतला कारकून तरुण होता, चष्मा लावणारा. त्याच्या खिडकीतून सासूनं पाट आत सरकवला. तो म्हणाला, "बाई, हे पोस्ट आहे, देऊळ नव्हे." मास्तरांनी सगळं सांगितलं तेव्हा त्याचं हसू गेलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं रॉकेलचा बोळा आणवला. आधी अलगद पुसलं. वरचा शेंदूर निघाला, खालचा निघेना. तेल कागदात पार मुरलं होतं. त्यानं पातीनं खरवडलं तशी रंगाची सालच वर आली. थोडी राजाची दाढी दिसली, एका दगडाचा बुंधा दिसला. अक्षरं जिथं असायची तिथं सासूचं बोट सगळ्यात जास्त फिरलं होतं. तिथं भोक पडलं.

"राजा आहे म्हणजे इंग्रजांचं बेट आहे," कारकून म्हणाला.

"मग तिकडं घाला की पत्र," सासू म्हणाली.

"आजी, इंग्रजांची बेटं एक का दोन?"

"समद्यांस्नी एकेक घाला. आमी लिहून देतो."

त्यानं टेबलावरची फाईल उगीच सरळ केली. सासू खिडकीशी उभीच राहिली. मागं रांग लागली होती, एकजण म्हणाला, "चला आजी, आटपा." तिनं पाट उचलला. बाहेर पायरीवर येऊन मला विचारलं, "देवाला लागलं आसंल का गं?"

मी पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली आणि चालू लागले. त्यानंतर बरेच दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. भंगलेला देव घरात ठेवत नाहीत, म्हणून तिनं ते राहिलेलं चिटोरं सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडलं. मला बरोबर ये म्हणाली. मी गेले नाही.

आम्ही हात बांधून बसलो नव्हतो. मुंबईच्या खोलीवर मास्तरांनी पत्र लिहिलं. ज्यानं नेलं तो स्वतःच दुसऱ्या बोटीवर गेला होता. खोलीवाल्यानं उलट कळवलं, की ती बोट आफ्रिकेला वळसा घालून विलायतेला गेली, वाटेत कुठं कुठं थांबली ते इथं कुणाला ठाऊक नाही. बोटीच्या हापिसाला इंग्रजीत अर्ज केला, त्याचं उत्तर आलं नाही. मास्तर शाळेतला नकाशा घरी घेऊन आले. निळ्या रंगात माशी बसावी तसे ठिपके. आमचं माणूस त्यातल्या एका ठिपक्यावर खोकत पडलं होतं, आणि आम्ही कंदिलाखाली बोट फिरवत होतो. त्या नकाशावर सेंट हेलेना होतं का, आणि आमचं बोट त्याच्यावरून गेलं का, हे मला कधी कळणार नाही.

पोस्टमन चाळीत शिरला की सासू उठून उभी राहायची. पाकीट आणखी एक येईल, त्यावर पत्ता असेल, असं आम्हा दोघींनाही वाटायचं. मुलगी रांगायला लागली, उभी राहिली. मी रीळखात्यात कामाला लागले, सासू तिला सांभाळायची. पाकीट आलं नाही.

दीडेक वर्षानं एक माणूस आला. दुपारची वेळ, मी पाळी संपवून नुकती आले होते. काळा, उंच, एका पायानं लंगडत चालणारा. रत्नागिरीकडचा मुसलमान. काखेत घोंगडीची वळकटी. चाळीच्या तोंडाशी आमचं नाव विचारत होता. सासूनं वळकटी बघितली. घोंगडी आमची होती, दुधनीची, माझ्या बापानं लग्नात दिलेली.

त्यानं बसायच्या आधीच सांगितलं. गेल्या पावसाळ्यात गेला. तिथंच मातीत ठेवला. बोटीच्या हापिसातून खबर आली असेल असं त्याला वाटलं होतं. आली नव्हती, म्हणजे मेलेल्या नवऱ्याच्या नावाचं कुंकू मी इतके महिने लावत होते. चाळीतल्या बायकांनी त्याच दुपारी ते पुसलं आणि बांगड्या फोडल्या. ते मी लिहीत बसत नाही. ज्यांचं झालंय त्यांना ठाऊक आहे.

बायका गेल्यावर सासूनं त्या माणसाला आत बोलावलं आणि मुलाच्या पाटावर बसवलं. चूल बंद होती. शेजारून भाकरी आणि शेंगाची चटणी आली ती त्याला वाढली. सासू समोर बसली होती, म्हणून तो खात होता. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. पत्र यानंच लिहून दिलं होतं. पाय मोडला म्हणून यालाही त्याच बेटावर उतरवलं होतं. पाय जुळल्यावर हा इस्पितळातच पडेल ते काम करायचा. नवऱ्याला क्षय होता, त्यामुळं कुठली बोट त्याला घेईना.

"महिन्याला एक टपालाची बोट यायची," तो म्हणाला. "बोट दिसली की हा व्हरांड्यात जाऊन बसायचा. डागदर ओरडायचा, तरी."

सासू म्हणाली, "आमी धाडलं हुतं पत्र. पोचलं नसंल."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. मी त्या माणसाला म्हटलं, "नाही धाडलं. पाकीट जळलं, पत्ता गेला. आम्हाला बेट कोणतं तेच ठाऊक नव्हतं."

तो भाकरी मोडता मोडता थांबला. तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, पत्र पोचलं असं त्यानंच सांगितलं सगळ्यांना."

"कुणी?"

"त्यानंच. चार-पाच बोटी येऊन गेल्या, काही आलं नाही. बाजूच्या खाटेवरचे विचारायचे, घरून काय खबर? मग एका बोटीच्या दिवशी मी कामावरून आलो, तर हा सगळ्यांना साखर वाटतोय. चहाची साखर साठवून ठेवली होती. म्हणाला, घरचं पत्र आलं, मुलगा झाला. इस्पितळातल्या नर्स मेमनं त्याला हात जोडून दाखवले. त्या दिवशी जेवला पण पोटभर."

"मग?"

"टपालाची पिशवी धक्क्यावरून मीच आणायचो, वहिनी. त्यात त्याचं काही नव्हतं." तो माझ्या मांडीकडं बघत होता. "मी काही बोललो नाही. त्यानं मला पण साखर दिली. मी खाल्ली."

मुलीच्या अंगात शेजारणीच्या पोराचं जुनं झबलं होतं, त्यावरून कळण्यासारखं नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "मुलगाच ना?"

"मुलगी आहे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. हात धुतले.  सासू पुढं सरकली आणि त्याला म्हणाली, "नाव काय ठिवलं म्हनला हुता?"

"कुणाचं?"

"पोराचं. साखर वाटली, मंजी नाव ठिवलं आसंल की."

त्यानं नाव सांगितलं. माझ्या सासऱ्याचं नाव होतं. मेलेल्या बापाचं नाव मुलाला द्यायचं, तशी रीतच आहे. सासूनं ते दोनदा पुटपुटलं. मग माझ्या मांडीवरची मुलगी उचलून घेतली, तिला जाग आली, आणि सासूनं तिच्या कानाशी तोंड नेऊन तिला त्या नावानं हाक मारली.

मी मुलीचं नाव दुसरं ठेवलं होतं. शाळेत तेच घातलं, लग्नाच्या पत्रिकेत तेच छापलं. पण सासू होती तोवर घरात तिनं त्या बाप्याच्या नावानंच तिला हाका मारल्या. मी एकदोनदा बोलले, "पोरीला चाळीत हसतात." ती म्हणाली, "हसू दे की." मग मी सोडून दिलं. मुलगी ओ द्यायची. लहान होती, तिला कोणतंही नाव चालत होतं.